पाच लाखांची काच

पोवई नाक्यावर काल परत मुद्राच्या, म्हणजे छोट्या धंद्यांना बिनतारण मिळणाऱ्या सरकारी योजनेतल्या कर्जांच्या थकबाकीवरून पेटलं. पेटवलं अर्थात दिल्यानं. चहा यायच्या आधीच तो "बुडवणारच हे लोक, तारण नाही, जामीन नाही" इथवर पोचला होता. त्याचा आवाज तर थेट एसटी स्टँडपर्यंत जातो.

संध्या म्हणाली, "आमच्या आईच्या गटात येऊन बघ. कर्ज एकीला मिळतं, हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणी दारात. याच्यापेक्षा भारी तारण कुठल्या बँकेत आहे रे?"

"बचत गट म्हणजे पापड-लोणची!"

"म्हसवडला जाऊन बोल हे!"

म्हसवडच्या माणदेशी बँकेचा विषय निघाला की संध्याला कोणी थांबवू नये. मजुरी करणाऱ्या बायकांना बँका खातंसुद्धा उघडून देत नव्हत्या, म्हणून चेतना सिन्हांनी १९९७ ला बायकांचीच सहकारी बँक काढली. रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे. बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. पुढे त्यांची धंद्याची शाळा बसमधून गावोगाव फिरू लागली.

बापू म्हणाले, "ते ठीक. पण आंध्रात २०१० ला काय झालं? एकेका बाईच्या डोक्यावर छोटी कर्जं वाटणाऱ्या चार-चार कंपन्यांची देणी, दारात वसुलीवाले. माणसं जिवानिशी गेली."

हा मुद्दा खरा, आणि संध्यानंही तो उडवून लावला नाही. "तिथे नुसता पैसा पोचला, बापू. एक फेडायला दुसरं काढलं. आमच्या आईनं कर्जावर शेवयांचं मशीन घेतलं, तरी वर्षभर हातात काही उरेना. रव्याचा खर्च धरायची, पण लाइटबिल आणि स्वतःची मजुरी धरायचीच नाही. प्रशिक्षणात भाव काढायला शिकली, घरचा डबा आणि धंद्याचा गल्ला वेगळा केला, तेव्हा कुठे हप्ता जड जायचा थांबला."

माझ्या मते सगळा वाद इथेच मिटायला हवा होता. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतलं पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज प्रशिक्षणानंतरच मिळतं, आणि शिकतानाच्या पाच-सात दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता असतो, ते याचसाठी. दिवसाची मजुरी बुडवून गरीब माणूस शिकायला बसणार कसा?

पण दिल्या गप्प बसेल तर ना! "पाच दिवसांत कुठे धंदा शिकतात का?"

"तू तर एकही दिवस शिकला नाहीस," संध्या म्हणाली. "मोबाईलचं दुकान, पाच लाखांचं कर्ज, त्यातले निम्मे काचेत नि एसीत. दिवाळी तरी बघितली का दुकानानं?"

"बघितली असती! तुम्हीच सगळे कव्हरं उधार नेत होता!"

बापूंनी हळूच मोबाईल खिशात सरकवला. दिल्यानं ते पाहिलं. "काढा! काढा बाहेर! हेच ते, दीडशे रुपये!"

मग कोणालाच बोलता येईना. चहाचे पैसे बापूंनीच दिले, आणि दिल्यानं हक्कानं दोन क्रीमरोल जास्त सांगितले.