परदेशातून : एका ताईमागे किती मुलं?

महाराष्ट्रात बालशिक्षणावर वाद सुरू झाला की तो अक्षरांपाशी येऊन थांबतो. तिसऱ्या वर्षी पाटी हातात द्यावी का, छोट्या शिशूपासून इंग्रजी हवं का, पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत का. मग कुणीतरी फिनलंडचा दाखला देतं : तिकडे सातव्या वर्षी शाळा सुरू होते. पण फिनलंड म्हणजे सगळं परदेश नव्हे. इथं इंग्लंडमध्ये चार वर्षं पूर्ण झाली की येत्या सप्टेंबरात मूल रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या अगदी पहिल्या वर्गात जातं आणि अक्षरांचे ध्वनी रोज गिरवतं. इथल्या नर्सऱ्यांचा दर्जा ज्यावर तोलला जातो, तो प्रश्न आपल्याकडच्या चर्चेत फारसा येतच नाही : एका मोठ्या माणसाच्या वाट्याला किती मुलं?

इंग्लंडमध्ये हा आकडा नियमाने बांधलेला आहे. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, तीन वर्षांपुढे आठांमागे एक. खोलीत शिक्षकपदाची पात्रता असलेली व्यक्ती स्वतः मुलांबरोबर असेल तर तेरा. दोन वर्षांच्या मुलांसाठी सप्टेंबर 2023 पर्यंत चारच मुलांची मर्यादा होती, ती सरकारने पाच केली. एकाच मुलाचा फरक, पण नर्सरी चालवणाऱ्या अनेकांनीच त्याला विरोध केला. का, ते खोलीत उभं राहिलं की कळतं.

दहा मुलं, दोन ताया. निम्म्या मुलांना अजून डायपर लागतो आणि तो दिवसातून तीनदा बदलावा लागतो असं धरू. एका वेळेला पाच मिनिटं म्हटली तरी सव्वा तास होतो. त्या सव्वा तासात दुसरीजवळ नऊ मुलं. एक चावतो, एकीचा पेला सांडतो, तिसरा दाराकडे निघतो. ती राखण करू शकते, गप्पा मारू शकत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला ‘मांजर कुठं गेली?’ विचारलं तर शब्द जुळवायला त्याला वेळ लागतो. ज्या ताईला थांबायला सवड आहे तिला उत्तर मिळतं. जिला नाही, ती स्वतःच ‘पळाली!’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळते. मुलाचं बोलणं वाढतं ते त्या थांबण्यात, आणि गर्दीत सगळ्यात आधी तेच जातं.

दुसरी घेण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमणं नर्सरीला बंधनकारक आहे. मूल झोपताना काय लागतं, घरी पाण्याला कोणता शब्द वापरतं, आज का रुसलंय, हे तिला ठाऊक असतं आणि दारात पालकांशी तीच बोलते. घरी इंग्रजी नसेल तर घरची भाषा खेळात वापरता यावी, यासाठी नर्सरीने प्रयत्न करायचे असतात. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला याची गरज इथल्या मराठी मुलापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आपल्याकडे आकडा नाही असं नाही. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखाली दहांमागे एक असं प्रमाण लिहिलेलं आहे. पण ते धोरण आहे. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो, आणि राज्यघटनेचं कलम 45 सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढंच सांगतं.

अंगणवाडीत कागदावर दोन माणसं दिसतात, सेविका आणि मदतनीस. मदतनीस मुलांना घरून आणते, झाडलोट करते, आहाराचं बघते, म्हणजे शिकवायला उरली एक. तिनेच वजन-उंची घ्यायची, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी भरायच्या, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा आहार देताना तो घेणाऱ्याची चेहरा पडताळणी करायची, गृहभेटी द्यायच्या, लसीकरणाच्या दिवशी माता जमवायच्या. अनेकींकडे मतदारयाद्यांचं कामही असतं. 2023 पासून ‘पोषण भी, पढाई भी’ हा केंद्राचा सेविकांना बालशिक्षणाचं प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम आला. खेळातून शिकवण्याचा त्याचा आग्रह योग्यच आहे, पण तोही त्याच दोन हातांवर पडला.

म्हणून पुढच्या प्रशिक्षणाआधी तीन ते सहा वयाच्या मुलांसाठीच वेगळी ताई द्या, अर्धवेळ का होईना. तामिळनाडूत हे करून पाहिलेलं आहे. 640 अंगणवाड्यांच्या अभ्यासात निवडक ठिकाणी बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती वाढवली, तर शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा-गणिताचे गुण वाढले आणि खुजेपणाही घटला. कारण जुन्या सेविकेला पोषणाकडे बघायला वेळ मिळाला. हा पुरावा आपल्याच देशातला आहे, लंडनहून आणायची गरज नाही.

इथली एक गोष्ट मात्र कृपा करून उचलू नका. सप्टेंबर 2025 पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला नर्सरीचे 30 तास, वर्षातले 38 आठवडे, सरकारी खर्चाने मिळतात, पण नोकरी-धंदा करणाऱ्या आईबापांच्याच मुलांना. ज्या घरात कमाई नाही, तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला 15 तास. ज्याला जास्त हवं त्याला निम्मं. अंगणवाडी 1975 पासून आईची नोकरी विचारत नाही, आणि आहार, लसीकरण, वाढीची नोंद व खेळ एकाच अंगणात देते. हे इंग्लंडकडे नाही.

खासगी नर्सरीत प्रवेश घेण्याआधी सकाळी अकराला जाऊन अर्धा तास बसा. भिंतीवरची चित्रं सोडा, माणसं मोजा. स्वयंपाकाची, ऑफिसातली, फोनवरची वगळून जमिनीवर मुलांच्या उंचीला बसलेली किती, ते बघा. एखादी डायपर बदलायला किंवा शू करायला घेऊन गेली की पुन्हा मोजा. तो दुसरा आकडा खरा.