नास्तिक व्हायचंय? देवस्थानावर जा

नास्तिक होण्यासाठी जाडजूड पुस्तकं विकत घेणाऱ्यांची मला कीव येते. पैसे जातात, चष्म्याचा नंबर वाढतो आणि पोराला ताप आला की सगळं वाचलेलं विसरून माणूस पुन्हा नारळ फोडतो. चाळीसगावापासून नवापूरपर्यंत कुठल्याही गावात फुकट मिळणारा उपाय असताना हा खटाटोप कशाला? गावच्या देवस्थानाचे विश्वस्त व्हा.

पात्रता फार लागत नाही. भंडाऱ्याला वरण-बट्टीची एखादी पंगत द्यायची ऐपत आणि गावातल्या दोन गटांपैकी एकात सोयरीक, बस.

पहिल्या बैठकीत देवाचं नाव निघणार नाही. दचकू नका, विषय गाळ्यांचा असतो. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा म्हणतो, ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. म्हणून करार ११ महिन्यांचा होतो आणि भाडेकरूचा नातू त्याच गाळ्यात म्हातारा होतो. तो अध्यक्षांच्या साडूचा नातू निघाला तर योगायोग समजा. देवाच्या शेतात केळी उभी असते. त्यातला एक घड देवापर्यंत येतो, तोही नवरात्रात.

खरी दीक्षा मिळते ती दानपेटी उघडतात त्या दिवशी. सभामंडपात सतरंजीवर पेटी उपडी होते. नाण्यांचा ढीग, कुंकवाने माखलेल्या दहाच्या नोटा, किराणावाल्याने परत केलेल्या फाटक्या नोटा (देव नाही म्हणत नाही), आणि नोटांच्या घडीत दडवलेल्या चिठ्ठ्या. ‘सुनेला दिवस जाऊ दे.’ ‘धाकट्याची दारू सोडव.’ ‘माय, औंदा बोंडअळी नको.’ वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीने. तुम्ही नवखे, एखादी वाचत बसाल. तसं करू नका, मोजणी खोळंबते. सचिव बघा कसे सफाईने नोट झटकतात. नोट गड्डीत, चिठ्ठी पोत्यात, पोतं संध्याकाळी बंबात. पेटीवर रोखलेला कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद का, असं विचारलंत तर उत्तर मिळेल, ‘भाऊ, देव देखी ऱ्हायना ना!’ (देव बघतोय ना!)

यात्रेला भगत बारागाड्या, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या बारा बैलगाड्या, ओढतो. अख्खं गाव हात जोडून उभं असतं आणि तुमची नजर मात्र पाळणेवाल्याची पावती फाटली की नाही, यावर. इथे ओळखावं, औषध लागू पडतंय.

कुणी म्हणेल, हे खेड्यातल्या देवाचं झालं, मोठ्या देवाकडे असं नसतं. मग मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पायी जिथे जाते, ते पंढरपूरच घ्या. बडव्यांचे, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क काढणारा कायदा १९७३ चा आणि सुप्रीम कोर्टात त्यावर पडदा पडला २०१४ मध्ये. विठोबाला उभं राहायची सवय, म्हणून तारखा निभावल्या. त्याच देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना, आमच्या अमळनेरच्या मास्तरांना, उपाशी बसावं लागलं. एवढं होऊनही गुरुजींची श्रद्धा गेल्याचं कुणी सांगत नाही. अर्थात, ते कमिटीवर नव्हते.

तुम्ही आहात, त्यामुळे गुण येणारच. आल्यावर राजीनाम्याची घाई मात्र करू नका. नवे विश्वस्त आले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला असतो, दुसऱ्या गटाची हरकतही आलेली असते, आणि दोन्ही कागद एकाच फायलीत सुखाने नांदत असतात. तोवर परिशिष्टावर, म्हणजे तिथल्या नोंदीत, जुनेच विश्वस्त, त्यातले निम्मे कैलासवासी. म्हणजे कागदोपत्री देवळाचा कारभार थेट वरूनच चालू आहे, तुम्ही विश्वस्त झालेलाच नाहीत, आणि तुमचं नास्तिक होणंही पुढच्या तारखेपर्यंत प्रलंबित आहे.