'लाज कशी वाटली नाही' असं विचारणाऱ्या वाचकांस

'एक परखड वाचक' यांस,

नमस्कार. 'रिअल स्टील' (२०११) या यंत्रमानवांच्या बॉक्सिंगच्या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "अॅटम शेवटी जिंकत नाही, सिनेमा नीट बघून लिहीत जा. कथा उसनी, यंत्रं खोटी. आणि पोराला विकणाऱ्या बापाच्या सिनेमाला कौटुंबिक म्हणायला लाज कशी वाटली नाही?"

पहिलं मान्य. बापलेकांच्या अॅटम या यंत्राविरुद्ध झ्यूस हे दुसरं यंत्र गुणांवर जिंकतं, मी घाईत उलटं लिहिलं. पण 'नीट बघून लिहीत जा' कशाला? आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायला कोणी ताट भिरकावत नाही.

आता माझी लाज. हो, बाप चार्ली पोराचा, मॅक्सचा, ताबा एक लाख डॉलरला सोडायला तयार होतो. पण हे लपवलंय कुठे? मॅक्सला कळतं तेव्हा तो रडत बसत नाही, उलट बापाकडे स्वतःचा अर्धा वाटा मागतो! सगळा सिनेमा त्या सौद्यावरच उभा आहे. शेवटच्या लढतीत अॅटमचा आवाजी हुकूम घेणारा भाग निकामी होतो. मग चार्ली रिंगबाहेर उभा राहून हवेत ठोसे मारतो आणि यंत्र त्याची नक्कल करतं. त्या वेळी मॅक्स बापाकडे कसा बघतो, ते पाहिलंत? की नेमके तेव्हाच चहा टाकायला उठला होतात?

मी सहावीत असताना वडिलांनी मला दोन वर्षं मिरजेला मामाकडे ठेवलं. इचलकरंजीतले यंत्रमाग विकले गेले होते, घेणेकरी दारात. मामी चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. वडील महिन्यातून एकदा यायचे, ओसरीवर बसून मामांशी सुताच्या भावाबद्दल बोलायचे आणि जायचे. परत न्यायला आले तेव्हा शेजाऱ्यांना त्यांनी माझी इयत्ता चुकीची सांगितली. पुढे भाड्याने दोन माग घेतले आणि सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून कांड्या भरायला लागलो. आमची ओळख तिथे झाली, मागांच्या खडखडाटात, फारसं काही न बोलता. त्यामुळे 'असला बाप' आणि 'कुटुंब' हे शब्द एका वाक्यात बसतात की नाही, हे कृपा करून तुम्ही मला शिकवू नका. दोन वर्षं मी यांना बाप म्हणू की नको या विचारात काढली आहेत.

बाकी मुद्द्यांत दम नाही. रिचर्ड मॅथेसनच्या १९५६च्या 'स्टील' कथेचा सिनेमावाल्यांनी आधार घेतलाय आणि तिचं श्रेयही दिलंय. त्या कथेत मूलच नाही; मॅक्सला सिनेमाने आणलं. म्हणजे तुम्हाला जे खुपलं तेच उसनं नाही! 'खोट्या' यंत्रांपैकी काही खरोखर बांधलेली होती, आणि ठोसे कसे मारायचे ते शिकवायला खुद्द मुष्टियोद्धे शुगर रे लेनर्ड होते. यावर अजून शाई नको.

लेखातली झ्यूसची ओळ दुरुस्त केली आहे. तुमची प्रतिक्रिया मात्र तशीच ठेवली आहे, शुद्धलेखनासकट.