अलाऊ, अलाऊ, अलाऊ

आज आईला नवीन फोन घेतला. जुन्याची बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकायची आणि हिच्या भजनी मंडळाचा व्हिडिओ कॉल चारला. म्हणून भांडुपहून स्लो पकडली, दादरला उतरलो, फुलबाजारातल्या चिखलातून पाय वाचवत दुकान गाठलं. फोन छान आहे. किंमत विचारू नका. डोकं फिरलंय ते दुसऱ्याच गोष्टीने.

दुकानातला पोरगा असेल वीस-बावीसचा. त्याने डबा उघडला, वरचा कागद सोलला आणि सुरू झाला. अलाऊ. अलाऊ. आय ॲग्री. अलाऊ. बोट थांबेच ना. मी म्हटलं, "अरे, काय दाबतोयस ते वाचू तरी दे." तर म्हणे, "ताई, नाही केलं तर पुढेच जात नाही. सगळे करतात." आणि आमच्या मातोश्री शेजारच्या स्टुलावर बसून कौतुकाने बघतायत, पोरगा किती फास्ट आहे म्हणून.

दीड मिनिटात खेळ खलास. माइक दिला, लोकेशन दिलं, आईचे सगळे कॉन्टॅक्टही कुठल्यातरी ॲपला देऊन झाले. त्या कॉन्टॅक्टमध्ये कोण आहे? गॅसवाला. रेखा खालची. डॉक्टर ह्यांचे. आणि अगदी वर, पहिला नंबर, 'अहो'.

बाबांचा. त्यांना जाऊन येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. नंबर कधीच बंद झालाय. आईने काढलेला नाही आणि आम्हीही कुणी काढ म्हटलेलं नाही.

बाबा आरएमएसमध्ये होते, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टिंगला. चौतीस वर्षं. रात्रपाळी करून आले की बोटांना शाईचा आणि गोणपाटाचा वास यायचा. मी चौथीत असताना त्यांना विचारलं होतं, पाकिटं बंद असतात ते ठीक आहे, पण पोस्टकार्डं तर उघडीच असतात, तुम्ही वाचता का हो? चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पत्त्यापर्यंत वाचायचं. पुढे डोळा जाऊ द्यायचा नाही." त्यातही १९७२ ला पिनकोड आल्यापासून नावही वाचावं लागत नाही, आकडा बघायचा नि खणात टाकायचं, याचं त्यांना कोण कौतुक! दुसऱ्याचं पाकीट फोडलं तर पोस्टातल्या माणसाला तुरुंगात घालायची सोय १८९८ च्या कायद्यात होती. इंग्रजांच्या!

आणि आता बघा. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या कंपनीचं प्रकरण निघालं. ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती परस्पर तिसऱ्याच्या हाती गेली असेल, हे फेसबुकने स्वतः कबूल केलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. कंपनी ढिम्म. (हो, ही पोस्ट मी फेसबुकवरच लिहितेय. कळतंय मला. कमेंटमध्ये पहिला हाच जोक मारणाऱ्याला आधीच कोपरापासून नमस्कार.)

आपल्याकडे तरी काय? २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लोकांची माहिती जपायचा कायदा यायला २०२३ उजाडलं, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर. त्यातही कंपन्यांना वर दीड वर्षाची सवलत. घ्या, सावकाश घ्या. त्या कायद्यात एक फार चांगली गोष्ट आहे. माहिती कशासाठी घेतोय ते माणसाला त्याच्या भाषेत वाचायची सोय द्यायची, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत. म्हणजे मराठीत. आमच्या आईला आज मराठीत एक अक्षर कुणी विचारलं नाही. तिची संमती त्या पोराच्या अंगठ्याने दिली.

"आपल्यासारख्यांकडे लपवण्यासारखं आहेच काय?" असं म्हणणारे माझ्या यादीत चार-पाच जण आहेत. अरे, पोस्टकार्डात तरी काय असायचं? आजी पडली, गाय व्याली, मनिऑर्डर पोचली. तरी वाचायचं नसायचं ना!

मान्य, मागच्या महिन्यात वीजबिल थकलंय म्हणून आईला आलेला भामट्याचा फोन तिच्या जुन्या फोननेच लाल पट्टी दाखवून ओळखला. मान्य. पुढे चला.

आता मूळ दुखणं सांगते. गेल्या वर्षी, बाबा गेले त्याच तारखेला, आईच्या जुन्या फोनने आपणहून एक व्हिडिओ बनवला. पियानो-बियानो लावून. त्यात काय, तर मी डॉक्टरांना पाठवायला काढलेले फोटो. सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, हॉस्पिटलचं बिल, हळूहळू झूम होत जाणारं. आणि मध्येच बाबा, कॉटवर, शहाळ्यातली स्ट्रॉ दातात धरून हसणारे. माझ्या हातापायांतली शक्तीच गेली. कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे उघडायला? पत्ता वाचा आणि टाका ना खणात!

आई म्हणाली, "अगं, परत लाव."

तीनदा लावला. मग तिने तो मावशीला पाठवला. वर मला म्हणते, "बिल नको होतं घालायला, बाकी छान केलंय." कुणी केलंय, आई? पण बोलले नाही. त्या स्ट्रॉच्या फोटोवर ती दरवेळी बोट ठेवून थांबवत होती.

असो. आत्ता साडेअकरा वाजलेत. जेवणं झाल्यावर नवा फोन घेऊन बसले आणि एकेक बटण बंद करत गेले. लोकेशन बंद. माइक बंद. जाहिरातींसाठी जे काय असतं ते बंद. मग आलं चेहरे ओळखायचं बटण. खाली लिहिलेलं, बंद केलंत तर चेहऱ्यांचे गट पुसले जातील. बाबांचा गट उघडून बघितला. ६१४ फोटो. त्यात १९७९ च्या लग्नाच्या फोटोचा मी मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा, कल्ले राखलेले, सडपातळ, मलाही पटकन ओळखू न येणारे बाबा. यंत्राने ओळखले.

आई आतून म्हणाली, "काय करतेयस एवढा वेळ? ह्यांचे फोटो नाहीत ना जाणार?"

नाही म्हटलं. ते बटण तसंच ठेवलं.

'अहो' तेवढा त्या ॲपकडून परत कसा मागायचा, ते अजून कुठल्याच सेटिंगमध्ये सापडलेलं नाही.