पालकमंत्री, भूकंपाची तयारी अशी करावी

अभिनंदन! पालकमंत्रिपद मिळालं, हारतुरे झाले, विश्रामगृहासमोरची रांगही आता जरा कमी झाली असेल. अशातच एखादा आगाऊ वार्ताहर विचारेल, "साहेब, जिल्ह्यात मोठा भूकंप झाला तर आपली तयारी काय?" दचकू नका. "प्रशासन सज्ज आहे" एवढंच म्हणा आणि गाडीत बसा. पण गाडीत बसल्यावर वेळ असेल, तर हे वाचा.

भूकंपाला प्रोटोकॉल कळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. कोयनेचा आला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे तीन छप्पनला. इटलीत लाक्विलाचा तीन बत्तीसला, तुर्कस्तानातला २०२३ चा चार सतराला. म्हणजे मतदार घरात झोपलेला आणि तुमच्या पीएचा फोन बंद. बातमी सरकारी यंत्रणेकडूनच कळेल अशी आशाही धरू नका. २०१५ च्या भूकंपाच्या वेळी नेपाळचे पंतप्रधान सुशील कोईराला परदेशात होते. त्यांना ही बातमी भारताच्या पंतप्रधानांच्या ट्वीटवरून कळली, असं त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं होतं. तेव्हा शेजारच्या जिल्ह्याच्या पालकमंत्र्याला आजच फॉलो करा. दुसऱ्या पक्षाचा असला तरी करा, संकटात राजकारण आणायचं नसतं.

मग नकाशा मागवा. आपला जिल्हा कुठल्या भूकंप विभागात येतो ते बघा. कमी धोक्याच्या विभागात असेल तर विषय संपला, फाईल बंद. १९९३ साली किल्लारी अशाच पहिल्या, म्हणजे सगळ्यात सुरक्षित विभागात होती. त्या पहाटे मुंबईत खिडक्यांची तावदानं थरथरली तेव्हा मुख्यमंत्री शरद पवारांनी आधी कोयनेला फोन लावला, हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलंय. बरोबरच होतं ते. महाराष्ट्रात भूकंप करायचा तर कोयनेत करायचा, असं ठरलेलंच होतं. पण कोयनेवाले म्हणाले, इथं नाही, तिकडे लातूरकडे बघा. पुढे २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला आणि लातूर तिसऱ्या विभागात गेलं. नऊ वर्षं लागली खरी, पण रंग अगदी व्यवस्थित भरलाय.

आता लोकांचं बघू. जमीन मोठा भूकंप करण्याआधी कधीकधी कुरबुरते, आणि लोक लगेच तहसीलदाराकडे जातात. किल्लारीच्या आसपास १९९२ मध्येच लहान धक्क्यांची माळ लागली होती. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत पुन्हा तेच झालं, रात्री जमीन गुरगुरायची आणि माणसं घराबाहेर झोपायची. अशा वेळी वर्तमानपत्रांना 'गूढ आवाज' हा शब्द आवडतो आणि आपल्याला 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य. या वाक्याचं इटालियन भाषांतर जास्त रसिक आहे. लाक्विलात महिनोन् महिने धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांची बैठक भरली. त्याच सुमारास नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखांना टीव्हीवाल्याने विचारलं, मग निवांत वाइन घ्यावी का? साहेब म्हणाले, जरूर, आणि वाइन कुठली घ्यावी तेही सांगितलं. सहा दिवसांनी तीनशेहून जास्त माणसं गेली. पुढे त्यांच्यावर खटला चालला, शिक्षाही झाली, म्हणून वाइनचं नाव तेवढं घेऊ नका. आपल्याकडे चहा म्हणावं.

पण खरी तयारी भूकंपाच्या आधी कितीतरी वर्षं, नगररचना विभागाच्या टेबलावर होते. जमीन हलून माणसं मरत नाहीत, ती मरतात अंगावर पडलेल्या घरानं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळची घरं आठवा. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यावर माळवद, माळवदावर पिढ्यान् पिढ्या चढवलेली माती. उन्हाळ्यात गारेगार. त्या पहाटे हीच गार माती लातूर आणि उस्मानाबादच्या गावांवर बसली आणि आठ-दहा हजार माणसं गेली. आता माळवदं कमी झाली, त्यांच्या जागी खाली मोकळं पार्किंग आणि वर चार-सहा मजले आले. या पद्धतीच्या इमारती भूकंपात कशा बसतात, ते २००१ मध्ये अहमदाबादनं दाखवलंय. पण पार्किंग नाही म्हटलं तर फ्लॅट कोण घेणार?

म्हणून अनधिकृत बांधकामांच्या नियमितीकरणाला पर्याय नाही. आपल्याकडे गुंठेवारीचा कायदा २००१ चा, तो २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना पांघरूण घातलं. मधे २०१७ ला २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत इमारतींसाठी वेगळी सोय झाली. शुल्क भरा, दाखला घ्या. शुल्क भरल्यावर कॉलमात सळई वाढते असा अनुभव अद्याप कुणी सांगितलेला नाही, पण मतं वाढतात. तुर्कस्तानात याला 'बांधकाम समेट' म्हणतात. २०१८ मध्ये तो झाला आणि २०१९ च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी कहरामानमाराशमध्ये जाऊन सांगितलं की १ लाख ४४ हजार ५५६ नागरिकांचा प्रश्न आम्ही सोडवला. आकडा बघा, सुटी छप्पन माणसंही मोजलीत! ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाचं केंद्र याच प्रांतात होतं. तुर्कस्तानात ५० हजारांहून जास्त माणसं गेली आणि साहेब तिथं जाऊन म्हणाले, हा नियतीच्या योजनेचा भाग आहे. समेट शासनाचा, योजना नियतीची. अशी श्रेयाची वाटणी नीट शिकून घ्या.

पैशांचंही त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. १९९९ च्या इझमितच्या भूकंपानंतर तात्पुरता म्हणून एक कर बसवला, लोक त्याला भूकंप करच म्हणतात. तो अजून तात्पुरताच चालू आहे. २०११ मध्ये कुणी हिशेब विचारला तर अर्थमंत्री म्हणाले, रस्ते, रेल्वे, शेती, शिक्षण यांवर खर्च झाला. खोटं काय त्यात? भूकंप रस्त्यावरही येतोच.

एक धोक्याची सूचना. तुर्कस्तानच्याच हाताय प्रांतातल्या एरझिनच्या महापौरांसारखं चुकूनही वागू नका. त्यांनी म्हणे गावात अनधिकृत बांधकाम होऊच दिलं नाही. नातेवाईक रुसले, लोक चिडले. परिणाम काय, तर २०२३ मध्ये आजूबाजूची शहरं जमीनदोस्त झाली आणि यांच्या गावात एक इमारत पडली नाही, एक माणूस मेला नाही. आता सांगा, अशा गावात पाहणी दौरा काढायचा कुठे? मदतीचा धनादेश द्यायचा कुणाच्या हातात?

पाहणी दौऱ्याचं महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको. ढिगाऱ्याखालचं माणूस बहुतेक वेळा शेजारीच काढतात, हातांनी, पहारीनं, पहिल्या काही तासांत. एनडीआरएफचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचे जवान पुण्याजवळून, सुदुंबऱ्याहून निघतील, पोचतील. तुम्ही मात्र हेलिकॉप्टरनं जा. हेलिपॅडची धूळ बसवायला टँकर लागेल, बंदोबस्ताला पोलीस लागतील, माहिती द्यायला जिल्हाधिकारी लागतील. तिघेही दुसरीकडे कामात असतील, त्यांना बोलावून घ्या. समन्वय म्हणतात तो हाच. किल्लारीला तर नुसते बघायला आलेल्या लोकांनी रस्ते तुंबवले होते. बघे वेगळे आणि आपण वेगळे, हे अधोरेखित करायला गाडीपुढे लाल-निळ्या दिव्याची पोलीस गाडी हवी.

मग पुनर्वसन. इथं घाई नको. नेपाळला जून २०१५ मध्ये देणगीदारांनी ४ अब्ज डॉलरहून जास्त रकमेचा शब्द दिला. पण ती खर्च करणाऱ्या प्राधिकरणाचा प्रमुख कोण, यावर पक्षांचं जुळेना. वटहुकूम निघाला, मुदत संपून बाद झाला, नेमलेला माणूस घरी गेला आणि नवा प्रमुख बसेपर्यंत डिसेंबर संपत आला. लोक तोवर पत्र्याखाली. आपणही कमी नाही म्हणा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आणि त्यात सांगितलेला राष्ट्रीय आराखडा आला २०१६ ला. विचारपूर्वक केलेल्या कामाला वेळ लागतोच.

आणि घरं देताना सातबारा बघायला विसरू नका. किल्लारीच्या पुनर्वसनात भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्याहून जास्त जमीनवाल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. माळवद सगळ्यांवर सारखंच पडलं होतं, ती ढिलाई शासनानं दुरुस्त केली. बावन्न गावं नव्या जागी हलली. शहरासारखे सरळ चौकोनी रस्ते आखले. शेत लांब राहिलं, गोठ्याला जागा नाही, शेजारी बदलले. मग लोकांनी आपापल्या दारात पत्रे ठोकून वाढीव खोल्या काढल्या. यातल्या बऱ्याच अनधिकृत असणार. नियमित करता येतील.

मॉक ड्रिल वर्षातून एकदा घ्याच. आदल्या दिवशी परिपत्रक काढा, म्हणजे कुणी दचकत नाही. सायरन वाजला की पोरं रांगेत बाहेर, स्ट्रेचरवर वजनानं सगळ्यात हलका शिपाई, मग चहा-पोहे. फोटोत जिन्याला गेलेली भेग दिसू नये एवढं बघा.

आता झोपा. सकाळी डीपीडीसीची, म्हणजे जिल्हा नियोजन समितीची बैठक आहे. फक्त त्याआधी स्वतःच्या बंगल्याचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि ते खरंखुरं करा, शिक्क्यावरचं नको. बांधणारा ठेकेदार तुमचा मेहुणाच असेल तर दोनदा करा.