‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: आधी पोट की आधी द्वेष?

‘एक वाचक’ यांस,

तुमची प्रतिक्रिया काल वाचली आणि रागाच्या भरात उत्तर द्यायचं नाही म्हणून रात्रभर बाजूला ठेवली. सकाळीही ती तितकीच खवचट वाटली, म्हणून लिहितोय.

मागचा लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातला गोरा कामगार डेमोक्रॅटिक पक्ष सोडून ट्रम्प यांच्याकडे गेला तो बंद पडलेल्या कारखान्यांमुळे आणि खिळखिळ्या झालेल्या युनियनमुळे, असं मी म्हटलं होतं. ‘एक वाचक’ यांचं म्हणणं वेगळं. हे मतदान वर्णद्वेषाचं होतं आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक डायना मट्झ यांनी २०१८ मध्ये ते सिद्ध केलंय. सगळ्यात गरीब मतदार डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्याकडेच राहिले. कृष्णवर्णीय कामगारांचेही रोजगार गेले, ते का नाही फिरले? मिशिगनमधल्या एका मॅकोम्ब काउंटीवरून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) अमेरिका ठरवू नये. आणि शेवटी हे: ‘आरामखुर्चीत बसून कामगाराच्या द्वेषाला भुकेचं सोवळं नेसवणं सोपं असतं.’

वाक्य जमलंय, नाकारत नाही. मला तर शंका आहे की ते आधी सुचलं आणि बाकीची प्रतिक्रिया त्याच्याभोवती रचली गेली.

आता खुर्चीबद्दल. माझे वडील आयुष्यभर लेथसमोर उभे होते. उभे, बसलेले नव्हे. कॉलेज सोडल्यावर मीही काही काळ त्याच कारखान्यात हेल्पर होतो, रात्रपाळ्या केल्या, हातावर गरम बुरी, म्हणजे लोखंडाचा कीस, उडाल्याचे डाग अजून आहेत. हे मिरवायला सांगत नाही. पण तुम्ही खुर्चीचा पंचनामा केलात, तर खुर्ची कसली होती हे सांगणं भाग आहे.

वडिलांची युनियन एका दिवसात मोडली नाही. आधी कँटीन कंत्राटदाराकडे गेलं, मग पॅकिंग, मग खाती एकेक करून. कंत्राटदाराने लांबून माणसं आणली, कायम कामगाराच्या निम्म्याहून कमी रोजावर. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. युनियन धडधाकट होती तोवर वडील म्हणायचे, यांना सभासद करून घेतलं पाहिजे, नाहीतर उद्या मालक यांच्याच जोरावर आपल्याला बाहेर काढेल. पुढे टाळेबंदी झाली, देणी अडकली. त्यानंतर त्याच माणसांबद्दल त्यांच्या तोंडून जे निघायचं ते मी इथे लिहिणार नाही. पुढच्या निवडणुकीत मत कुणाला दिलं, हे त्यांनी पहिल्यांदाच घरात सांगितलं नाही. न सांगण्यातच ते कळलं.

तो द्वेष होता का? होता. मी त्याला काही नेसवलेलं नाही. पण तो मनात कधीपासून होता आणि मतपेटीत कधी उतरला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचं कारण मी घरात घडताना पाहिलंय. तुम्ही कुठे पाहिलंत? टोपणनावामागून एखाद्याला ‘मूळचाच द्वेष्टा’ ठरवायला काही लागत नाही. ना पाळी, ना पगाराची चिठ्ठी.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे मला जो मूळ वाटतो त्याकडे.

एका मॅकोम्बवरून अमेरिका ठरत नाही, हे तुमचं मान्य. तरी मॅकोम्ब सोडवत नाही, कारण तुमच्याच बाजूचा भक्कम पुरावा तिथे आहे आणि तो तुम्ही वापरला नाहीत. डेट्रॉइटला लागून असलेली ही मोटार कामगारांची काउंटी. १९७२ मध्ये वर्णभेदाचं राजकारण करणारे जॉर्ज वॉलेस मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक जिंकले, आणि मॅकोम्बने त्यांना भरभरून मतं दिली. १९८५ मध्ये जनमत चाचण्या घेणारे स्टॅन ग्रीनबर्ग यांनी तिथल्या पक्ष सोडून रेगनकडे गेलेल्या गोऱ्या मतदारांना बोलतं केलं, तेव्हा आपल्या आयुष्यात जे जे बिघडलं त्याचं खापर ते कृष्णवर्णीयांवर फोडत होते. म्हणजे द्वेष तिथे ठासून होता, उघड होता. आणि याच मॅकोम्बने २००८ मध्ये ओबामांना निवडलं, २०१२ मध्येही निवडलं. २०१६ मध्ये तिथून ट्रम्प यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली, आणि अख्खं मिशिगन ते फक्त १०,७०४ मतांनी जिंकले.

सगळी माणसं तीच नव्हती, असं तुम्ही म्हणाल. नसतीलच. पण दोनदा ओबामांना आणि मग ट्रम्पना निवडणाऱ्या काउंट्या देशभरात २०६ आहेत. जी गोष्ट आधीपासून होती तिच्यावरून ‘का’ चं अर्धं उत्तर मिळेल, ‘आत्ताच का’ चं कसं मिळणार?

आत्ताच काय झालं होतं ते आकड्यांत आहे. २००० मध्ये अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या १ कोटी ७० लाखांच्या वर होत्या. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. २०१० पर्यंत त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरल्या. सगळंच चीनमुळे नाही, यंत्रं आली, मंदी आली. पण ऑटर, डॉर्न, हॅन्सन आणि मजलेसी या अर्थशास्त्रज्ञांनी मतदारसंघ तपासले तेव्हा चिनी मालाचा फटका बसलेले, गोऱ्या बहुसंख्येचे भाग उजवीकडे सरकलेले दिसले. गोऱ्या बहुसंख्येचे, हे मी लपवत नाही. फटका पैशाचा, तो कुठल्या दिशेला ढकलणार हे मात्र रंगावरून ठरलं.

आणि युनियन. डिसेंबर २०१२ मध्ये मिशिगनने कायदा केला, की युनियनला पैसे न देताही तिने मिळवलेला करार पदरात पडेल. मोटार कामगारांच्या युनियनच्या जन्मभूमीत हे झालं. याचा द्वेषाशी काय संबंध, असं विचारू नका, संबंध आहे. फ्रायमर आणि ग्रम्बाक या राज्यशास्त्रज्ञांचा २०२१ चा अभ्यास सांगतो, की गोरा कामगार युनियनचा सभासद झाला की कृष्णवर्णीयांबद्दलची त्याची अढी कमी होते. वडिलांचं ‘यांना सभासद करून घ्या’ मला तिथे दिसलं. द्वेष आणि पोट अशी दोन वेगळी खाती तुम्ही पाडता, कारखान्यात ती एकाच वहीत असतात.

मट्झ यांचा अभ्यास मी वाचलाय. त्यांच्याच माहितीवरून समाजशास्त्रज्ञ स्टीफन मॉर्गन यांनी त्याच वर्षी त्यांचा निष्कर्ष टिकत नाही असं मांडलं, त्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही. एकच बाजू वाचली की ‘सिद्ध केलंय’ असं ठणकावून लिहिता येतं.

गरिबांचा आकडा: ३० हजार डॉलरखालचे मतदार क्लिंटन यांच्याकडे झुकले, बरोबर. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) बरेच असतात, त्यामुळे गोऱ्या कामगाराबद्दल त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पुढे.

कृष्णवर्णीय कामगारांच्या प्रश्नावर स्वतंत्र लिहायला हवं, आत्ता एवढंच की बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइट शहरात क्लिंटन यांना ओबामांच्या २०१२ च्या मतांपेक्षा चाळीस हजारांहून अधिक मतं कमी पडली. ते ट्रम्पकडे गेले नाहीत, तसेच बरेच जण केंद्रावरही गेले नाहीत. आणि २०२४ मध्ये टेक्सासमधली स्टार काउंटी, जिथे जवळपास सगळेच लॅटिनो, १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे गेली. तिथला गोरा वर्णद्वेषी शोधून दाखवा.

मॉर्गन वाचून काही म्हणावंसं वाटलं तर जरूर लिहा, जागा आहे. वडिलांचा विषय मात्र तुम्ही खुर्ची काढलीत म्हणून इथे आला. त्यावरच्या प्रतिक्रिया, बाजूच्या असोत की विरोधातल्या, मी काढून टाकणार आहे.