‘स्पेसिफिकेशनमध्ये बसतं’ म्हणजे नेमकं किती?

डावीकडे खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पिवळट चट्टा. उजवीकडे वरच्या कडेला दुसरा, लांबट, पांढुरका, कडेपासून आत पसरत गेलेला. कंपनीच्या सगळ्यात महागड्या मालिकेतला कोरा करकरीत लॅपटॉप आहे हा! तिसऱ्या दिवशी रात्री दिवे घालवून सिनेमा लावला, तर वरखालच्या काळ्या पट्ट्यांत कुणीतरी मागून बॅटरी मारतंय असं दिसायला लागलं. एकदा ते दिसलं की संपलं. त्यानंतर मला सिनेमा दिसलाच नाही, चट्टेच दिसत राहिले.

पण मला खरा राग चट्ट्यांपेक्षा, तक्रार केल्यावर कंपनीने ऐकवलेल्या त्या एका वाक्याचा आलाय. ‘हे स्पेसिफिकेशनमध्ये बसतं.’ कोणत्या? किती निट्सपर्यंत (निट म्हणजे पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) चालतं, किती वर गेलं की दोष मानायचा, तो आकडा सांगा ना! तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तेच वाक्य, तेवढ्याच थंडपणे. जो आकडा ग्राहकाला दाखवतच नाही, त्यात माझा लॅपटॉप बसतो हे मी कशाच्या जोरावर मान्य करायचं?

एलसीडी म्हणजे काय हे मला समजतं. तो पडदा स्वतः उजेड देत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये एका कडेला पांढऱ्या एलईडींची पट्टी असते, तिचा उजेड एका पारदर्शक प्लेटमधून सगळीकडे पसरवतात, त्यावर डिफ्यूझर आणि इतर फिल्म, आणि त्यापुढे दोन पोलरायझरच्या, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणाराच प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्मच्या, मध्ये द्रवस्फटिकांचा थर. काळं दाखवायचं म्हणजे दिवा विझत नाही, उजेड फक्त अडवला जातो. तो पुरता अडत नाही. साध्या आयपीएस पॅनेलचा (हा एलसीडीचाच एक प्रकार) कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या उजेडाचं प्रमाण, १०००:१ च्या आसपास असतो, म्हणजे पांढरा ५०० निट्स असेल तर काळाही साधारण अर्धा निट उजळणारच. हे मला मान्य आहे. त्यावर मी कधी भांडलो नाही, भांडणारही नाही.

पण तो अर्धा निट सगळीकडे सारखा हवा! कोपऱ्यात तो जास्त का होतो? कारण तिथे चौकट काचेवर दाबली गेलेली असते, किंवा चिकटपट्टी ओढून बसवलेली असते, किंवा आतली फिल्म जरा उचललेली असते. काचेवर ताण आला की तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, बदलतं, आणि पुढच्या पोलरायझरने जो उजेड अडवायचा तो निसटतो. मी झाकणाचा कोपरा दोन बोटांत अलगद धरला, तर चट्ट्याचा आकार डोळ्यांदेखत बदलला. म्हणजे हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नाही, जोडणीतली कसर आहे. झाकण अजून पातळ, कडा अजून अरुंद करण्याच्या हौसेपायी पॅनेलला मोकळं बसायला जागाच ठेवत नाहीत, आणि त्याचा त्रास आम्ही काढायचा.

‘हा आयपीएस ग्लो असेल,’ म्हणजे अशा पॅनेलवर तिरकं बघितल्यावर दिसणारी झळाळी, असंही सांगून झालं. नाहीये तो! ग्लो डोकं हलवलं की सरकतो, दोन पावलं मागे गेलं की कमी होतो. माझा चट्टा कुठूनही बघा, जागचा हलत नाही. मग म्हणाले, फोटोत जास्त दिसतं. दिसतंच, अंधारात कॅमेरा आपोआप एक्सपोजर वाढवतो. म्हणून तर मी एक्सपोजर लॉक केलं आणि डोळ्यांना दिसतं तेवढंच फोटोत येईपर्यंत खाली आणलं. तेही पाठवलं. त्या फोटोंवर आजवर एक अक्षर नाही.

आणि ‘ब्राइटनेस कमी ठेवा, कशाला काळा पडदा बघत बसता’ म्हणणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. मी फोटो एडिट करतो. रात्रीच्या एका फोटोत डावा खालचा कोपरा मला उगाच उजळ वाटला, म्हणून सावल्या खाली ओढल्या. दुसऱ्या स्क्रीनवर उघडला तर तो कोपरा ठार काळा, त्यातली पायरी आणि तिच्यावरची चप्पल दोन्ही गायब. रंगांचा अचूकपणा, पी-थ्री (किती रंग दाखवतो), डेल्टा ई (रंग किती चुकतो), सगळं खोक्यावर छापलंय. त्या आकड्यांवर विश्वास ठेवूनच मी हा घेतला. पण कोपऱ्यातली सावलीच खरी दिसत नसेल, तर त्या आकड्यांचं मी करू काय?

एकदा पॅनेल बदलून दिलं. डावा कोपरा स्वच्छ झाला आणि खालच्या कडेला नवी झळाळी आली. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेल येऊ शकतात, कुणाला कसं मिळेल सांगता येत नाही. लोक याला पॅनेल लॉटरी म्हणतात, आणि इतक्या सहज म्हणतात की माझं डोकं फिरतं. लॉटरीचं तिकीट नव्हतं घेतलं मी. कुणी कापडाने चोळायला सांगतं, कुणी चौकटीचे स्क्रू सैल करायला. वॉरंटीतलं मशीन मी का उघडू?

ओएलईडी घे, हा सल्लाही पुष्कळांनी दिला. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, असा मागचा उजेड झिरपण्याचा, म्हणजे ब्लीडचा, प्रश्नच नाही, खरं आहे. पण माझ्या स्क्रीनवर दिवसभर त्याच टूलबार त्याच जागी असतात, म्हणजे बर्न-इनची, त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची, टांगती तलवार. आणि कमी ब्राइटनेसवर त्यातले बरेच पडदे जे लुकलुकतात, ते माझ्या डोळ्यांना सोसत नाही.

मोजता येत नाही असंही नाही. मेलेल्या पिक्सेलसाठी २००१ पासून आयएसओच्या मानकात वर्ग ठरलेले आहेत, कितीपर्यंत चालतील ते मोजून सांगता येतं. काळ्या पडद्यावर नऊ ठिकाणी उजळपणा मोजणारा ल्युमिनन्स मीटर धरायला असा कितीसा वेळ लागतो? मी एवढंच मागितलंय: माझ्या पडद्याचे ते नऊ आकडे, आणि शेजारी तुमची मर्यादा. लेखी.

माझी तक्रार मला न विचारता दोनदा ‘निकाली’ म्हणून बंद केली. दोन्ही वेळा मी ती पुन्हा उघडली. आज सकाळी तिसऱ्यांदा बंद केल्याचा मेसेज आलाय, आणि मी ती आत्ताच परत उघडली आहे.